बाबांना टीबी नव्हताच, ॲस्बेस्टॉसिस (ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) निघाला. भरपाईसाठी कुठून सुरुवात करायची?

सायली_डोंबिवली | १२ जून २०२३, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते. आज लिहायची वेळ आली.

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. १९७५ ते १९९८ अशी तेवीस वर्षं त्यांनी ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्या, कापड आणि गास्केट बनवणाऱ्या कारखान्यात काढली. त्यातली सोळा वर्षं कार्डिंग खात्यात, म्हणजे धागे पिंजायच्या कामावर. कारखान्याचं नाव लिहीत नाही. १९९८ला तो बंद झाला, सगळ्यांना व्हीआरएस दिली, आज त्या जागेवर टॉवर उभे आहेत.

२००९ला खोकला आणि दम सुरू झाला. थुंकीत काही सापडलं नाही, तरी टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. २०१६ला परत तेच, दुसरा कोर्स. चाळीत आमच्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं. माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा बाबांचा टीबी निघाला होता. या एप्रिलमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, काम काय करायचात?" चौदा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. बाबा म्हणाले, "दोरी." त्यांनी पाठीला खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिल्या आणि एचआरसीटी (छातीचं बारकाईचं सीटी स्कॅन) लिहून दिलं. रिपोर्टमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात फायब्रोसिस (फुफ्फुस कडक होणं), आवरणावर कॅल्शियम धरलेले चट्टे, आणि शेवटी 'ॲस्बेस्टॉसशी संबंधित आजाराची शक्यता'.

बाबा आता रात्री आडवे होत नाहीत. पलंगाच्या कडेला बसतात, समोर स्टुलावर पिठाचा डबा, डब्यावर उशी, उशीवर डोकं. पलंगापासून मोरी अकरा पावलं आहे, मध्ये दाराची चौकट धरून एकदा थांबावं लागतं.

कारखान्यात तेव्हा मास्क नव्हता. नाकाला फडकं बांधायचे. संध्याकाळी घरी आले की भुवया पांढऱ्या असायच्या आणि आम्ही भावंडं "बाबा म्हातारे झाले" म्हणून हसायचो. आई गॅलरीत त्यांचे कपडे झटकायची. ज्या पोत्यांतून माल यायचा ती रिकामी पोती कामगार घरी न्यायचे. आमच्या गादीखाली अशी दोन पोती किती तरी वर्षं होती.

कंपनी बंद, मालक कुठे आहेत ठाऊक नाही, युनियनचे पुढारी वारले. कायद्याने काही मिळतं का? बाबा म्हणतात, "जाऊ दे, पगार दिला ना त्यांनी." मला जाऊ द्यायचं नाही.

निशिगंध | १२ जून, ११:१५

पोत्यांचं वाचून पोटात गोळा आला गं. मला यातलं काही कळत नाही, पण लिहिलंस ते फार बरं केलंस. जाणकार मंडळी सांगतीलच.

लेबर_कोर्टवाला | १३ जून, सकाळी ७:५०

सायलीताई, मी तीस वर्षं कामगारांचे दावे लढतोय. सगळ्यात आधी एकच प्रश्न: बाबांच्या पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापलं जात होतं का? पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

कापलं जात होतं तर दावा ईएसआय महामंडळाकडे. १९४८च्या ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे विमा असलेल्या कामगाराला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. ईएसआय नव्हतं तर १९२३चा कर्मचारी भरपाई अधिनियम, आणि दावा भरपाई आयुक्तांपुढे, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लेबर कोर्टातच. दोन्ही कायद्यांच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजारांची यादी आहे. ॲस्बेस्टॉसिस तिच्यात आहे, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हाही आहे. यादीतला आजार त्या कामात जडला की तो कामावर झालेल्या अपघातासारखाच धरतात. मालकाची चूक वेगळी सिद्ध करत बसावं लागत नाही, हे मनात पक्कं ठेवा. लोक उगाच "मास्क दिला नव्हता याचा पुरावा कुठून आणू" म्हणून घरी बसतात.

आता सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. २७ जानेवारी १९९५, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसाठीच दाखल झालेली याचिका होती. कोर्टाने कामगाराचं आरोग्य आणि औषधोपचार हा घटनेच्या कलम २१ खालचा मूलभूत हक्क ठरवला. नोकरी चालू असताना आणि सुटल्यावरसुद्धा. प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तिथपर्यंत मालकाने जपायची. गुजरातेतल्या ज्या कामगारांची फेरतपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडून करायला सांगितली, त्यांच्यात आजार निघाला तर प्रत्येकी एक लाख रुपये, दाखल्यापासून तीन महिन्यांत. २०११ला ॲस्बेस्टॉसवर बंदी मागणारी याचिका त्याच न्यायालयाने फेटाळली, पण १९९५चे आदेश पाळायलाच हवेत हे तेव्हाही पुन्हा बजावलं.

बाबांचा हिशेब मी करून पाहिला. १९७५ अधिक ४० म्हणजे २०१५. १९९८ अधिक १५ म्हणजे २०१३. उशिराची तारीख २०१५. मालकाची नोंद जपायची मुदत आठ वर्षांपूर्वी संपली. २००९ला कुणी "काम काय करायचात" एवढं विचारलं असतं तर ती फाइल मागता आली असती. दोन टीबीच्या कोर्सांनी तुमचे हे दिवस खाल्ले, आणि माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या घरात हेच झालेलं असतं. म्हणून आता घरातले कागद शोधा. पत्र्याची पेटी, देवघरामागचा खण, जिथे म्हणून जुनं काही ठेवलंय तिथे.

अप्पा_बदलापूर | १३ जून, ९:३०

वाईट वाटून घेऊ नका ताई, पण अनुभवाचं सांगतो. माझ्या भावाचं बोट प्रेसमध्ये गेलं, केस अकरा वर्षं चालली. चपला झिजल्या. निकाल लागला तेव्हा भाऊ नव्हता. वडिलांचे जे दिवस आहेत ते त्यांच्याजवळ बसून काढा. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून काय मिळणार?

सायली_डोंबिवली | १३ जून, दुपारी १:०५

अप्पा, तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मनापासूनचं आहे हे कळतं. पण बाबांना चौदा वर्षं लोक टीबीवाला म्हणाले. पैसे मिळोत न मिळोत, सरकारी कागदावर खरा आजार लिहिलेला मला हवाय.

वकीलकाका, ईएसआय कापायचे. एक पिवळं कार्ड होतं हे आईला आठवतंय. आज रात्री माळा काढते.

छातीचा_डॉक्टर | १३ जून, रात्री ९:२०

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर. लांबण लागेल, पण नीट वाचा.

ॲस्बेस्टॉसिस आणि टीबी एक्स-रेवर ओळखू येतात. टीबी बहुधा वरच्या भागात बसतो, ॲस्बेस्टॉसिस खालून सुरू होतो. खालच्या बाजूला श्वास आत घेताना जो चरचर आवाज येतो तो वेल्क्रोची पट्टी उघडताना येतो तसा असतो. त्या डॉक्टरीणबाई तोच ऐकत होत्या. बोटांची टोकं फुगीर, नखं गोलसर झाली आहेत का तेही बघा. धागे फुफ्फुसात गेल्यावर आजार दिसायला दहा-वीस वर्षं लागतात, मेसोथेलिओमाला वीस ते पन्नास. कारखाना सोडून वर्षं झाली म्हणून कुणी "आता कसला ॲस्बेस्टॉस" म्हणालं तर ते चूक आहे.

'शक्यता' हा शब्द मेडिकल बोर्डापुढे, म्हणजे अक्षमता किती टक्के ते ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे, तुम्हाला मारेल. डॉक्टरांकडून दाखला मागताना चार गोष्टी त्यात स्पष्ट येऊ द्या. कोणत्या साली कोणत्या खात्यात काय काम केलं. एक्स-रेचं वाचन आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) वर्गीकरणानुसार. स्पायरोमेट्री आणि डीएलसीओ, म्हणजे हवा किती मावते आणि ऑक्सिजन रक्तात किती उतरतो, त्याचे आकडे. आणि टीबीच्या तपासण्या निगेटिव्ह आल्याचे जुने कागद. शेवटी निदान एका ओळीत: ॲस्बेस्टॉसिस, कामामुळे झालेला.

बाबा विडी ओढायचे का? बोर्डावर हा प्रश्न हमखास येतो. ओढत असतील तर लपवू नका. विडीने ॲस्बेस्टॉसिस होत नाही. विडी आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही असतील तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका मात्र कितीतरी पटीने वाढतो. आवरणावरचे कॅल्शियमचे चट्टे विडीने पडत नाहीत. बोर्डाचं लक्ष त्या चट्ट्यांकडे वळवा.

आमच्या पेशाबद्दलही एक सांगायला हवं. कारखाने अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसात असा आजार दिसला की उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचं असतं. आम्ही कळवत नाही. कित्येकांना हे कलमच माहीत नसतं, मलाही एमडी होईपर्यंत माहीत नव्हतं. २००५ साली मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, १८१ कामगार तपासले, पाचात एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. एवढे लोक असताना आमच्या ओपीडीत हा आजार 'दुर्मिळ' राहतो, कारण आम्ही विचारत नाही. तुमच्या डॉक्टरांना ते पत्र पाठवायला सांगा. त्याची प्रत तुमचा पुरावा होईल.

आणि आईचा छातीचा एक्स-रे काढा. कपडे त्या झटकत होत्या.

भांडुपकर | १४ जून, सकाळी ८:१०

वकीलसाहेब, माझा चुलता ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल प्लांटांत लॅगिंगचं, म्हणजे पायपांवर उष्णता रोखणारं ॲस्बेस्टॉसचं आवरण चढवायचं काम करायचा. स्टीमच्या पायपांवरचं जुनं लॅगिंग फोडायचं, नवीन चढवायचं. कायम ठेकेदाराकडे, ईएसआय नाही, पीएफ नाही. वय ६०. ऑक्टोबर २०२१ला काम सुटलं. आता जिना चढवत नाही. डॉक्टर दमा म्हणतात. ठेकेदार गावी गेला, फोन उचलत नाही.

लेबर_कोर्टवाला | १४ जून, ८:३५

भांडुपकर, हे वाचताय तसं उठा आणि चुलत्यांना आजच्या आज सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत न्या. केसपेपरवर तारीख आणि 'लॅगिंगचं काम' हे दोन्ही लिहून घ्या.

कारण सांगतो. कर्मचारी भरपाई अधिनियमाच्या कलम १० मध्ये एक खाच आहे. त्या कामातून बाहेर पडलेल्या माणसाला काम सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर लक्षणं पहिल्यांदा सापडली तो दिवस अपघाताचा दिवस धरतात आणि तिथून दोन वर्षांत दावा लावायचा. वीस वर्षांनी दिसणाऱ्या आजाराला दोन वर्षांची चौकट! मी हे कलम गेली तीस वर्षं वाचतोय आणि दर वेळी तितकाच चिडतो. तुमच्या चुलत्यांचे दोन वर्ष येत्या ऑक्टोबरात भरतात. म्हणून आजची तारीख मोलाची. मुदत गेली तरी सबळ कारण दाखवून आयुक्तांकडून उशीर माफ करून घेता येतो, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग. त्यावर विसंबू नका.

ठेकेदाराला शोधत फिरू नका. कलम १२ प्रमाणे ज्यांच्या प्लांटात काम झालं ते मूळ मालक भरपाईला बांधील असतात, ठेकेदाराकडून वसूल करायचं ते त्यांनी बघावं. अनेक मालकांकडे काम झालं असेल तर सगळ्यांना पक्षकार करायचं. गेटपास, सोबत काम केलेल्या दोघातिघांची प्रतिज्ञापत्रं, शटडाऊनच्या वेळचे फोटो, काहीही चालेल.

किती मिळतं? कायमची पूर्ण अक्षमता आली तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. पगार १५ हजारांपर्यंतच धरतात, ३ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा आहे. वय ६० असेल तर गुणांक ११७.४१. म्हणजे ९,००० गुणिले ११७.४१, दहा लाख ५६ हजार ६९० रुपये. निम्मी अक्षमता ठरली तर त्याच्या निम्मे. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळाटाळ केली तर निम्म्यापर्यंत दंड.

भांडुपकर | १४ जून, दुपारी ३:४०

नेलं होतं साहेब. केसपेपरवर लॅगिंग लिहून घेतलंय. डॉक्टर आधी लिहीत नव्हते, "दमा आहे, काम कशाला लिहायचं" म्हणाले. हात जोडले तेव्हा लिहिलं. एक्स-रे शुक्रवारी.

दर्याकाठ_रत्नागिरी | १४ जून, ५:१५

आमचे वडील बोटीवर इंजिनरूममध्ये होते, तिथेही पायपांना हेच गुंडाळलेलं असायचं. आमच्या गावात दर तिसऱ्या घरात एक खलाशी. कुणाकडे जुनं सीडीसीचं पुस्तक असेल तर रद्दीत टाकू नका. कोणत्या बोटीवर किती महिने, सगळं शिक्क्यानिशी त्यात असतं.

मँचेस्टरची_माई | १५ जून, रात्री १:३०

इथे छातीच्या वॉर्डात नर्स आहे, बावीस वर्षं झाली. सायली, तुझं 'कार्डिंग खातं' वाचून झोप उडाली म्हणून लिहितेय.

आमच्यापासून जवळच रॉचडेल आहे. तिथल्या ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत नेली केरशॉ नावाची बाई सूत कातायची. १९२४ला ती वारली, वय फक्त ३३. डॉक्टर कूक यांनी तिची फुफ्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, त्यात ॲस्बेस्टॉसचे धागे सापडले, आणि १९२७ला त्यांनी या आजाराला नाव दिलं. गिरणीने तिच्या अंत्यसंस्काराचा खर्चसुद्धा द्यायचं नाकारलं, कारण एकीला दिले तर बाकीचे मागतील. १९३१ला इथे धुळीचे पहिले नियम आले. तुझे बाबा कामाला लागले १९७५ला, तेच काम करायला, नाकाला फडकं बांधून. म्हणजे ४४ वर्षांनी. जगाला माहीत नव्हतं असं कुणी म्हणालं तर हे सांग.

इथे १९९९ला ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली, पण माझ्या वॉर्डात अजून रुग्ण येतात: सुतार, बॉयलरवाले, शाळेतल्या शिक्षिका. दाव्याची मुदत आजार कामामुळे झाला हे कळल्यापासून तीन वर्षं. वकीलकाकांनी लिहिलेली दोन वर्षांची चौकट मी तीनदा वाचली, विश्वास बसेना. २०१४च्या कायद्याने मेसोथेलिओमाच्या रुग्णांसाठी एक योजनाही आहे. जुना मालक आणि त्याची विमा कंपनी दोन्ही सापडत नसतील तर पैसे त्यातून, आणि ते भरतात आजच्या विमा कंपन्या. आमच्या वॉर्डात पहिल्याच दिवशी रुग्णाच्या खाटेशी बसून त्याचा सगळा कामाचा इतिहास लिहून घेतात, पंधराव्या वर्षापासूनचा. तू बाबांचा तसा लिहून घे. रोज थोडा. दम लागला की थांब.

सायली_डोंबिवली | २५ जून, रात्री ११:५०

माळ्यावरच्या पेटीत सापडलेलं: ईएसआयचं पिवळं कार्ड, घडीवर फाटलेलं पण नंबर वाचता येतो. १९७५चं नेमणुकीचं पत्र, 'कार्डिंग हेल्पर'. पीएफच्या सात स्लिपा. १९९७ची पगाराची पावती, ४,८०० रुपये, ईएसआय वजा. बाबांचा पितळी बिल्ला. आणि एक एक्स-रे, १९९४चा, कंपनीने काढलेला. सगळ्यांचे काढले होते आणि कुणालाच काही सांगितलं नव्हतं. बाबांना तो साहेबांच्या टेबलावर पडलेला दिसला, त्यांनी मागून घेतला.

डॉक्टरांना दाखवला. त्या उजेडासमोर धरून म्हणाल्या, "इथे तेव्हाच दिसतंय." चट्टे १९९४ला होते. कंपनीच्या डॉक्टरला दिसले असणारच. त्यानंतर बाबांना चार वर्षं त्याच खात्यात ठेवलं.

माई म्हणाली तसं रोज रात्री लिहून घेतेय. मशीनखाली साचलेलं 'कापूस' हाताने काढायचं, ते काढताना कुणी बोलायचं नाही, कारण तोंडात जायचं. बिल्ला हातात धरून सांगतात. नावं आठवत नाहीत तिथे बिल्ल्याचे नंबर आठवतात.

विडी ओढायचे, १९९०ला सोडली. लपवणार नाही.

लेबर_कोर्टवाला | २६ जून, सकाळी ७:३०

तो एक्स-रे म्हणजे तुमची केस आहे. मूळ कुणालाही देऊ नका, प्रती काढा, आजच फोटो काढून ठेवा.

आता अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात, मेडिकल बोर्डासाठी. प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासह घ्या. सोबत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: त्या कारखान्याचे तपासणी अहवाल, धुळीच्या मोजणीचे आकडे, कामगारांच्या तपासणीची यादी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कंपनी कागदोपत्री जिवंत आहे का हेही कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघा. कारखाना पाडला म्हणून कंपनी संपत नाही, बहुतेक वेळा ती दुसऱ्या राज्यात दुसरा माल बनवत असते.

पैशांची आशा बेताची ठेवा. कायमच्या अक्षमतेचा लाभ रोजच्या पगाराच्या नव्वद टक्क्यांवर काढतात. १६० रुपये रोज धरला तर १४४, चाळीस टक्के अक्षमता ठरली तर दिवसाला ५७ रुपये ६० पैसे, महिन्याला सतराशेच्या आसपास. वेळोवेळी वाढ मिळते त्याने थोडा वर सरकेल, आणि तो तहहयात आहे. पण यातलं मोठं म्हणजे उपचार. पाच वर्षं विमा असलेल्या आणि निवृत्तीने किंवा व्हीआरएसने बाहेर पडलेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांना ईएसआयचे उपचार मिळतात. बाबांना हे आधीच मिळायला हवं होतं.

आणखी एक, लिहायला जड जातंय. बाबांचं पुढेमागे काही झालं तर मृत्यूच्या दाखल्यावर कारण 'ॲस्बेस्टॉसिस' असायलाच हवं. नुसतं 'हृदय बंद पडलं' लिहिलं तर आईंचा आश्रितांचा लाभ तिथेच अडकतो. डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा.

निशिगंध | २६ जून, १०:००

हा धागा जपून ठेवतेय. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचे जुने ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे या महिन्यात फोडायचे ठरलेत, बिहारहून आलेली चार मुलं हातोड्याने फोडणार होती. आज सेक्रेटरीला हे सगळं वाचायला दिलं. काम थांबवलंय.

छातीचा_डॉक्टर | २६ जून, १:१५

फार चांगलं केलंत. पत्रे फोडू नयेत, ओले करून अखंड उतरवावेत. झाडू तर अजिबात मारू नये.

सायली_डोंबिवली | ७ डिसेंबर २०२५, रात्री १०:०५

अडीच वर्षांनी धागा वर काढतेय. विचारणाऱ्या सगळ्यांसाठी.

पहिल्या बोर्डाने विडीकडे बोट दाखवलं, 'सीओपीडी' (बहुधा विडी-सिगारेटने होणारा दम्यासारखा आजार) लिहिलं आणि शून्य टक्के दिले. बाबांना व्हीलचेअरवरून नेलं होतं, चार मिनिटांत बाहेर. १९९४चा एक्स-रे त्यांनी पाकिटातून काढलासुद्धा नाही. मी जिन्यात बसून रडले. तीन महिन्यांच्या आत मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे गेलो. वकीलकाका स्वतः आले, एक पैसा घेतला नाही. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी लावल्या, १९९४ आणि २०२३. गेल्या ऑगस्टमध्ये आदेश आला: ॲस्बेस्टॉसिस, व्यावसायिक आजार, चाळीस टक्के. महिन्याचे पैसे सुरू झालेत, थकबाकीचा हिशेब अजून चालू आहे. ऑक्सिजनचं मशीन ईएसआयकडून मिळालं. बाबांनी तो आदेश मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "चाळीत नेऊन दाखव."

आईच्या एक्स-रेवरही चट्टे आहेत. तेवीस वर्षं कपडे झटकले. ती कामगार नव्हती म्हणून तिच्यासाठी यातल्या एकाही कायद्यात ओळ नाही. वकीलकाकांशी बोलतेय, ही गोष्ट मी सोडणार नाही.

लेबर_कोर्टवाला | ८ डिसेंबर, सकाळी ७:४०

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. १९२३चा आणि १९४८चा, दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेलेत. व्यावसायिक आजारांची यादी तिच्याही तिसऱ्या परिशिष्टात आहे. वर लिहिलेले कलमांचे आकडे जुन्या कायद्यांचे आहेत, अर्ज लिहिताना नवे तपासून घ्या. कागद मात्र तेच लागतात.

राजस्थानात २०१९ पासून न्यूमोकोनिओसिसचं (धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांचं) धोरण आहे. दाखला मिळाला की तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख, शिवाय महिन्याची पेन्शन. मालक सापडो न सापडो. आईंच्या प्रश्नासाठी आपल्या सरकारकडे तसं काही मागायचं तर नुसत्या एका अर्जाने होणार नाही. त्या कारखान्याचे आणखी लोक शोधा ताई.

भांडुपकर | ८ डिसेंबर, ९:१०

चुलत्याची केस लेबर कोर्टात चालू आहे. मूळ कंपनी म्हणते हा माणूस आमच्या गेटातून कधी आलाच नाही. पुढच्या तारखेला जोडीदाराची साक्ष आहे. केसपेपरच्या तारखेवरून मुदतीचा मुद्दा मात्र त्यांनी काढलेला नाही.

अप्पा_बदलापूर | ८ डिसेंबर, ९:५५

ताई, मी २०२३ला जे लिहिलं होतं ते मागे घेतो. वडिलांना नमस्कार सांगा.

नवा_सभासद_अंबरनाथ | ९ डिसेंबर, रात्री ८:३०

नमस्कार. माझे वडील त्याच कारखान्यात होते असं आईला वाटतंय, दोरीचंच काम. २०११ला गेले. दाखल्यावर टीबी आहे. आमच्याकडे कागद काहीच नाही. आईला फक्त बिल्ला आठवतो, ६१२. काही करता येईल का?

सायली_डोंबिवली | ९ डिसेंबर, ९:१५

दादा, बाबांना आत्ताच विचारलं. मास्क बाजूला करून म्हणाले, "सहाशे बारा रात्रपाळीला. तीन नंबरच्या मशीनवर. तपकीर ओढायचा, डब्यात आंबोळी आणायचा." बरोबर आहे का आईंना विचारा. माझ्या वहीत ६१२ तीन ठिकाणी आहे.

रविवारी सकाळी या, दहाच्या आत. दुपारनंतर बाबांना बोलवत नाही. आईंना घेऊन या. मृत्यूचा दाखला आणि असतील तर जुने एक्स-रे आणा. वकीलकाकांना मी फोन करते.